जरजीस नगारचीची दाढ

मोसुलात पाशा गादीवर आहे की नाही, हे पाशाच्या हकिमाला सगळ्यात शेवटी कळतं. आधी कळतं तांबटआळीला, मग मेंढीबाजाराला, मग दजला नदीवर धुणं आपटणाऱ्या बायकांना. तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपली की हवेलीच्या दरवाजावरचा मोठा नगारा वाजतो. वाजला, म्हणजे पाशा आहे. नाही वाजला, म्हणजे गेला. मेला, इस्तंबूलने काढला, की रेशमी दोरीने गळा आवळला, हा तपशील मागाहून कॉफीखान्यात मिळतो. दुकानाची फळी लावायची की नाही, एवढं मात्र नगाऱ्यावरून लगेच ठरतं.

हा नगारा वाजवायचा आमच्या गल्लीतला जरजीस. बुटका, पोट सुटलेला, डाव्या कानाने ठार बहिरा आणि उजव्याने सोयीपुरता. मूलबाळ नव्हतं. पण आमच्याकडे माणसाला कुणाचा तरी बाप केल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही, म्हणून सगळे त्याला नगाऱ्याचा बाप म्हणत. आम्ही गल्लीतली पोरं म्हणायचो जरजीसकाका, आणि त्याच्या कमरपट्ट्यात मिठाई कुठल्या बाजूला आहे हे वासावरून ओळखायचो.

मुळात तो चांभाराचा मुलगा. तरुणपणी नगाऱ्याचं फाटलेलं कातडं बदलायला म्हणून हवेलीत गेला. तेव्हा आधीचा पाशा मेला होता, नवा यायचा होता आणि जुना नगारची गावी पळाला होता. जरजीसने नवं कातडं ताणलं, वाद्या आवळल्या आणि बरं बसलंय का बघायला म्हणून एक ठोका दिला. आवाज आवडला, म्हणून आणखी दिले. खाली सगळा बाजार नवा पाशा आला म्हणून नजराणे घेऊन धावला. मौलवी आले, व्यापारी आले, मेंढ्या आल्या. वर बघतात तर चांभाराचं पोर, घामाघूम, आणि चेहऱ्यावर एवढा आनंद की कुणाला खाली उतरवायचं सुचेना. नजराणे परत न्यायची लाज वाटली म्हणून कारभाऱ्याने ते ठेवून घेतले, आणि नजराण्यांचं कारण म्हणून जरजीसलाही ठेवून घेतलं.

तेव्हापासून किती पाशे त्याच्या नगाऱ्याखालून आले नि गेले, ते त्यालाही धड आठवत नसे. नावं तर कुणीच लक्षात ठेवायचं नाही. एक होता 'उद्या पाशा'. कुणी काहीही मागितलं की उद्या म्हणायचा. त्याची बडतर्फी आली तेव्हा तोही दूताला उद्या या म्हणाला. एक होता 'कांदा पाशा', कारण कर वसूल करताना त्याला खरोखर रडू यायचं. डोळे पुसायचा आणि आणखी मागायचा. प्रत्येक जण स्वतःचे सनईवाले आणि झांजवाले आणायचा आणि जाताना घेऊन जायचा. मोठा नगारा मात्र तांब्याचा, उंटावरही न मावणारा. तो हवेलीचा. आणि नगारा जिथे, तिथे जरजीस.

या कामाला एकच नियम होता. पाशा आहे तोवर रोज वाजवायचा. पाशा गेला की दोन्ही टिपऱ्या खाली ठेवायच्या आणि नवा येईपर्यंत हात लावायचा नाही. टिपऱ्या खाली ठेवलेल्या दिसल्या की हवेलीतले नोकरसुद्धा आपापली अंथरुणं गुंडाळायला लागत. हा नियम जरजीस नमाजासारखा पाळायचा. खरं म्हणजे नमाजापेक्षा जास्त. कारण नमाज कधी कधी बुडायची.

मी सांगतोय त्या वर्षी आमच्या बोकांडी बेकताश पाशा होता. आमच्याकडे पाशाची पत काठीला बांधलेल्या घोड्यांच्या शेपटांवर मोजतात, आणि हा चांगला तीन शेपटांचा. जरजीसची बायको हसीबाकाकी म्हणायची, "शेपटं तीन घोड्यांची आणलीत, डोकं एकाचं तरी आणायचं!"

त्या हिवाळ्यात पाऊस रुसला होता आणि गहू नखाएवढा आला होता. पाशाने सगळा गहू 'शहराच्या भल्यासाठी' म्हणून कोठारात बंद केला. आम्हीही म्हटलं, बरं झालं, भाव चढणार नाही. वसंतात कळलं, की त्याच्या मनातलं शहर म्हणजे बगदाद. तिथे भाव बरा होता.

बगदादला माल न्यायचा म्हणजे तराफ्यावरून. फुगवलेली बकऱ्यांची कातडी बांधायची, वर चिनाराचे वासे टाकायचे आणि नदी नेईल तसं जायचं. तिकडे पोचल्यावर वासे विकायचे, कातड्यांमधली हवा सोडायची आणि ती गाढवावर टाकून पायी परत यायचं. आमच्या नदीला उलटं वाहायची सवय नाही. या धंद्यातला सगळ्यात तरबेज माणूस म्हणजे हसीबाकाकीचा धाकटा भाऊ खिज्र. पाशाच्या शिपायांनी त्याला तराफा बांधायला लावला. त्याने निमूटपणे बांधला. पहिली पोती चढली. मग शिपायांच्या डोळ्यांदेखत त्याने एकेका कातड्याच्या तोंडाची गाठ सोडली. तराफा दमलेली म्हातारी बसावी तसा उथळ पाण्यात हळूहळू खाली बसला.

"काय केलंस रे हे?" शिपाई ओरडला.

"मी नाही, हवेने केलं. तीही म्हणते, मला बगदादला जायचं नाही," खिज्र म्हणाला.

पोती ओढून काढून काठावर रचली आणि खिज्रला हवेलीच्या दरवाजाखालच्या तळघरात टाकला. हुकूम सुटला: शुक्रवारच्या नमाजानंतर पुलाच्या तोंडाशी फाशी. खरं तर पूल त्या वेळी तिथे नव्हताच. होड्यांचा तो पूल दरवर्षी पुराच्या दिवसांत सोडून ठेवतात. पण पुलाचं तोंड जागेवर होतं, आणि फाशीला तेवढं पुरतं.

जरजीसकाका कारभाऱ्याकडे गेला. हात जोडले, पाया पडला.

"तुझा मेहुणा होय?" कारभारी म्हणाला. "मग शुक्रवारी जरा मन लावून वाजव. बायकांची रडारड ऐकू यायला नको."

गुरुवारी सकाळी हसीबाकाकीने घर डोक्यावर घेतलं. आमची भिंत सामाईक, त्यामुळे आम्हाला कान लावायचेही कष्ट पडले नाहीत.

"आज तुम्ही जायचं नाही."

"न जाऊन कसं चालेल? नगारा—"

"नगारा, नगारा! उद्या माझ्या भावाला टांगणार, आणि आज तुम्ही टांगणाऱ्याचीच नौबत झडवणार!"

"अगं, मी पाशाचा नगारा वाजवत नाही. मी दरवाजाचा वाजवतो. पाशे येतात नि जातात, दरवाजा तिथेच असतो."

"मग सांगा ना तुमच्या दरवाजाला, माझ्या भावाला सोड म्हणून!"

काकाने गाल धरला. त्याची दाढ ठणकत होती. आमच्याकडे डोंगरातल्या झाडांवरून गोळा करतात त्या गोड दवाची पिस्ते घातलेली मिठाई मिळते. तिला लोक आभाळातून पडलेली म्हणतात. ती आयुष्यभर गालात धरून नगारा वाजवल्याचा हा प्रसाद होता. काळजी वाढली की काका मिठाई खायचा, मिठाई खाल्ली की दाढ ठणकायची, आणि दाढ ठणकली की काळजी वाढायची. त्या आठवड्यात हे चाक गरगर फिरत होतं.

"ठोका मारला की थेट मेंदूत वाजतो गं," तो कण्हत म्हणाला.

"बरंय, तिथे काहीतरी वाजतंय तरी," काकी म्हणाली.

दुपारी तो उस्ताद शमऊनच्या दुकानात आला. शमऊन न्हावी. दाढी करायचा, रक्त काढायचा, दात उपटायचा, आणि हे सगळं करताना बोलायचा. मी तिथेच डोकं भादरून घ्यायला बसलो होतो. अर्धं झालं होतं. माझं अर्धं डोकं तसंच सोडून शमऊनने काकाला बाकावर बसवलं.

"उघड तोंड. बाप रे! ही दाढ नव्हे, ही बेकताश पाशाची कारकीर्द आहे."

"लवकर कर. नमाज व्हायच्या आत मला वर जायचंय."

"एका झटक्यात काढतो. पोरा, तू याचं डोकं धर."

मी धरलं. शमऊनने चिमटा आत घातला, अल्लाचं, येशूचं आणि स्वतःच्या वडिलांचं नाव घेतलं आणि ओढलं. काकाने अशी बोंब ठोकली की बाहेर एक गाढव उधळलं. चिमट्यात दाढ आली. पांढरीशुभ्र, मोत्यासारखी.

शमऊनने ती उजेडाकडे धरून बघितली. "ही शेजारची दिसते," तो म्हणाला.

त्याने लगेच दुसऱ्यांदा चिमटा घातला. या वेळी बरोबर दाढ निघाली, पण काका शुद्धीवर नव्हता. शमऊनने त्याच्या तोंडात अरकाच्या दारूत भिजवलेला कापसाचा बोळा कोंबला, आडवा केला आणि म्हणाला, "उठेल. सगळे उठतात. बहुतेक सगळे."

तेवढ्यात अजान झाली. नमाजही झाली. लोक मशिदीतून बाहेर पडले, चपला शोधल्या आणि चालायला लागले. थोडं चालल्यावर थांबले. समोरच्या तांबटाचा हातोडा वर गेला तो वरच राहिला. आमच्या बाजारात एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेही बंद पडलं.

"नगारा?" तांबट म्हणाला.

"वाजला नाही," शमऊन म्हणाला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "वाजला नाही! गेला! अरे, बेकताश गेला!" त्याने आनंदाने माझ्या भादरलेल्या अर्ध्या डोक्याचा मुका घेतला.

"उस्ताद," मी म्हणालो, "पण नगारची तर इथे पडलाय."

शमऊनने बाकाकडे बघितलं. मला वाटलं, समजलं. तो म्हणाला, "तेच तर! पाशा असता तर नगारची इथे कशाला पडला असता? मदरशात तुम्हाला हेच शिकवतात का रे?"

आणि चिमटा हातात घेऊन तो पळाला. तांबट पळाला, मेंढीवाला मेंढ्या सोडून पळाला. सगळे धान्याच्या कोठाराकडे. तिथले पहारेकरीही आधीच पळाले होते, पण ते आपापल्या दुकानांकडे. कारण आमच्याकडे शिपाई अर्धे शिपाई असतात आणि अर्धे किराणा विकतात.

काका उठून बसला. दुकान रिकामं. बाहेर आरडाओरडा. त्याने माझ्याकडे बघितलं.

"काका, नमाज झाली," मी म्हणालो. "नगारा वाजला नाही, म्हणून पाशा गेला असं लोक म्हणतायत."

त्याचा चेहरा आधी पांढरा होता, तो आणखी पांढरा झाला. बोळ्यातून "ऊं! ऊं!" असं काहीतरी म्हणत तो हवेलीकडे धावत सुटला. मी मागे. रस्त्यात लोकांनी त्याला अडवलं.

"काका, कोणी थांबवलं? दूत आला का इस्तंबूलचा?"

काकाने तोंडाकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवली.

"बोलायची बंदी आहे त्याला!" कुणीतरी ओरडलं. "म्हणजे नक्कीच फर्मान आलंय!" आणि शहरात ज्यांना थोडी शंका होती, तीही मिटली.

हवेलीच्या दरवाजावर एकही पहारेकरी नव्हता. मी खालीच थांबलो. पुढचं काकाच्या तोंडचं आहे, आणि ते त्याने मला इतक्या वेळा सांगितलं, की मीच वर होतो असं वाटतं.

तो धापा टाकत नगाऱ्यापाशी पोचला. टिपऱ्या उचलल्या, हात वर नेला. अजून काही बिघडलं नव्हतं. चार ठोके पडले असते तर गर्दी जागच्या जागी थिजली असती, शिपाई दुकानांतून परतले असते आणि उशिराबद्दल पाठीवर फटके बसून प्रकरण मिटलं असतं. काकाचं मिटलं असतं. खिज्रचंही मिटलं असतं; उद्या, पुलाच्या तोंडाशी.

खालच्या तळघराच्या जाळीतून आवाज आला, "दाजी! आज सुट्टी आहे का?"

काकाचा हात वरच राहिला.

तेवढ्यात जिन्यावर सपाता वाजल्या. पाशा. स्वतः. आजवर कुठलाही पाशा त्या जिन्याने वर आला नव्हता; नगारा पाशासाठी वाजतो, पाशा नगाऱ्याकडे येत नाही. अंगावर आचाऱ्याची घोंगडी, डोक्याला फेटा नाही. फेट्याशिवाय तो अगदी आमच्या गल्लीत गव्हा-मटणाचा हरीसा विकणाऱ्यासारखा दिसत होता, असं काका म्हणतो.

"कोणी थांबवला?" पाशा म्हणाला. "कारभारी सापडत नाही. घोडे सापडत नाहीत. कोणी थांबवला नगारा?"

काका बोळ्यामुळे गप्प.

"फर्मान आलंय? दूत काजीकडे उतरलाय का? सांग रे! नुसती बडतर्फी आहे, की दोरी आणलीय?"

पाशा असा अजिजीने विचारत होता, जसं काकाने कारभाऱ्याला विनवलं होतं. काकाने हातातल्या टिपऱ्यांकडे बघितलं. एवढ्या वर्षांत पाशा गादीवर असताना त्याने त्या कधी खाली ठेवल्या नव्हत्या. बोळा काढून "हुजूर, दाढ दुखत होती" एवढं म्हणणं अवघड नव्हतं. तो खाली वाकला आणि दोन्ही टिपऱ्या पाशाच्या सपातांपाशी ठेवल्या.

पाशाला आणखी काही सांगावं लागलं नाही.

इकडे लोकांनी कोठार फोडलं होतं आणि तळघरही उघडलं होतं. खिज्र डोळे मिचकावत बाहेर आला, आणि काकीने त्याला मिठी मारायच्या आधी एक थोबाडीत दिली. "पुन्हा पाशाचा तराफा बुडवशील?" मग काका जिन्यावरून उतरला. ओठावर रक्त, गालात बोळा. सगळं शहर नाचत होतं. एकट्या काकीने नवऱ्याचं तोंड बघितलं आणि तिचं नाचणं थांबलं.

"अहो, दूत आलाय ना?"

काकाने मान हलवली. नाही.

"मग नगारा कोणी थांबवला?"

काकाने गालावर बोट ठेवलं.

काकी मटकन पायरीवर बसली. पण बसून राहणाऱ्यांतली ती नव्हती. घोंगडीतला पाशा भिंतीच्या कडेने नदीकडे सटकत होता. तिने भावाची बाही ओढली. "खिज्र, त्या माणसाला आत्ताच्या आत्ता तुझ्या तराफ्यावर घाल आणि वाहून ने. उद्या सकाळपर्यंत इथे राहिला आणि त्याला कळलं, तर एका दोरीवर तुला नि तुझ्या दाजींना टांगेल."

"आक्का, याने मला फासावर चढवायचं ठरवलं होतं!"

"म्हणून तर तूच ने. तुझ्याइतकं याला लांब न्यायची घाई कुणाला असणार?"

पूल नव्हता, घोडे नव्हते. पाशाला तराफ्याखेरीज वाट नव्हती. खिज्रने त्याला सलाम केला, म्हणाला, "बसा हुजूर, पण कातडी रिकामी आहेत." अर्धी त्याने फुगवली. उरलेली वाटेत, कारण जुनी कातडी सारखी हवा सोडतात आणि तराफेवाल्याचे हात वल्ह्यात अडकलेले असतात. थोडक्यात, तीन शेपटांचा पाशा तिक्रीत गावापर्यंत बकऱ्याच्या कातड्याच्या पायाला तोंड लावून फुंकत गेला. खिज्र महिन्याभराने गाढवावर कातडी लादून परतला तेव्हा म्हणाला, "शिकला असता हो. छाती चांगली आहे त्याची. पण दर फुंकरीला हुकूम सोडल्यासारखं तोंड करायचा."

तोवर काजी आणि व्यापाऱ्यांनी मिळून कारभार तांदूळवाल्या इद्रीस चलबीकडे दिला होता. चलबी कोठारातला गहू रास्त भावाने वाटत होता आणि रोज घाबरून आकाशाकडे बघत होता. नगारा बंद होता. काका घरी बसून मिठाईकडे बघायचा आणि खायचा नाही. दाढ गेली होती, तरी आवड मेली होती.

आणि मग इस्तंबूलचा दूत आला. खराखुरा. सोबत शिपाई, आणि पेटीत काळ्या लोकरी अस्तराचा झगा; तो ज्याच्या अंगावर पडेल, तो पाशा. बेकताश पाशाला आणखी एक वर्ष मुदतवाढ!

हवेलीच्या चौकात सगळं शहर जमवलं. दूत म्हातारा होता, बारीक डोळ्यांचा. झगा हातावर घेऊन उभा राहिला. "हा कुणाच्या अंगावर घालू?"

सगळ्यांनी आपापले पाय बघितले.

"बेकताश पाशा बगदादेत ओरडतोय. म्हणे, त्याचा नगारा कुणीतरी थांबवला, म्हणून त्याला शहर सोडावं लागलं. नगारची कोण?"

काका पुढे झाला. दूताच्या मागे एक उंच माणूस उभा होता आणि त्याच्या कमरेची तलवार शोभेची दिसत नव्हती.

"पाशा गादीवर असताना नगारा थांबवणाऱ्याचं काय करतात, माहीत आहे?"

"माहीत आहे, हुजूर."

"मग सांग. त्या गुरुवारी नगारा वाजला की नाही?"

काकाने तोंड उघडलं. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. नगारची माणसाला बोलायचीच फारशी सवय नसते. "हुजूर," तो म्हणाला, "त्या दिवशी माझी दाढ दुखत होती..."

"आणि तरी काय वाजवला!" मागून शमऊन ओरडला.

सगळ्यांनी वळून बघितलं. शमऊनला एकदा सुरुवात झाली की थांबता येत नाही. "हुजूर, दाढ मीच काढली. दोन काढल्या, एक भेट म्हणून. हा रक्त थुंकत उठला आणि धावत वर गेला. आणि असा वाजवला, असा वाजवला, की माझ्या दुकानातला आरसा हलला."

"माझ्या हातातला हातोडा पडला," तांबट म्हणाला. "ताल ऐकून."

"आम्ही धुणं थांबवून ऐकत होतो," बायकांच्या घोळक्यातून एक बाई म्हणाली. हे खरंही होतं. त्या थांबल्या होत्या.

"मेंढ्या उधळल्या," मेंढीवाला म्हणाला.

"मी तळघरात होतो हुजूर, बरोब्बर खाली," खिज्र म्हणाला. "धूळ पडत होती डोक्यावर."

दूत काजीकडे वळला. काजी देवभीरू माणूस. खोटी साक्ष दिली तर जीभ झडेल अशा मताचा. त्याने दाढी कुरवाळली. "मी त्या वेळी नमाजात होतो," तो म्हणाला. "नमाज जरा लांबली. आणि नमाजात असलेल्या माणसाला बाहेरचं ऐकू येणं बरं नव्हे."

"तर मग," दूत हळूच म्हणाला, "बेकताश पाशाला का ऐकू आला नाही?"

हसीबाकाकी बुरख्याआडून म्हणाली, "आमचं तरी कुठे कधी ऐकू आलं होतं त्याला?"

कुणीतरी हसलं, मग कुणीतरी खोकून ते हसू झाकलं. दूताने आमच्याकडे एकवार बघितलं, मग तलवारवाल्याकडे, मग हातातल्या झग्याकडे. उन्हाळा चढत होता आणि झगा जड होता. "सगळं शहर एकदम बहिरं होत नाही," तो म्हणाला. "एक पाशा होऊ शकतो. आणि हुकमाविना जागा सोडून पळालेल्या पाशाची ओरड इस्तंबूल ऐकत नसतं." त्याने झगा इद्रीस चलबीच्या खांद्यावर टाकला. चलबी तांदळाच्या पोत्यासारखा खाली बसला.

"नगारची, वर जा," दूत म्हणाला. "बघू तरी कसा वाजवतोस."

काका वर गेला. टिपऱ्या अजून तिथेच होत्या. त्या दिवशी त्याने खरोखर जीव ओतून वाजवला. मान वाचलेला माणूस वाजवेल तसा. मला तर अंगावर काटा आला.

खाली शमऊन तांबटाला म्हणाला, "चांगला वाजवला. पण गुरुवारची सर नाही."

"छे," तांबट गंभीरपणे म्हणाला. "गुरुवारची गोष्टच वेगळी."

मला वाटलं, थट्टा चाललीय. तशी ती होतीही, दोन-चार दिवस. पण मग लोकांना सवय लागली. इद्रीस पाशा गेला, पुढचे आले. काका म्हातारा झाला, बाकीचे दातही हळूहळू निघून गेले. रोज तिसऱ्या प्रहरी तो वाजवायचा, आणि रोज कॉफीखान्यात कुणीतरी सुस्कारा टाकायचं. त्या गुरुवारी जन्मालाही न आलेली पोरं आता ताल धरून दाखवतात, की बेकताश पळाला तेव्हा जरजीसने असा वाजवला होता.

काका संध्याकाळी उतरून माझ्या शेजारी बसायचा, दाढेच्या मोकळ्या जागी जीभ फिरवायचा आणि कुरकुरायचा.

"उभं आयुष्य वाजवलं रे. कुणी चांगला म्हणालं नाही. एक दिवस वाजवला नाही, आणि त्याचीच वाहवा!"

"काका," मी म्हणायचो, "पण वाजला असता तर तुमचा मेहुणा गेला असता."

"ते आहेच," काका म्हणायचा. मग अगदी हळू, उजव्या कानाकडे हात नेत विचारायचा, "पण तू होतास ना तिथे? खरं सांग. एवढा बरा वाजला होता?"